साचा सुटला, हात राहिला

यंदाचा गळीत हंगाम आटोपला, फडातली शेवटची खेप काट्यावर पोचली, खोडव्याला पाणी दिले आणि मी अंबरनाथची वाट धरली. काम कागदाचे होते. वडील वारल्यावर जमिनीची वारस नोंद व्हायची होती. सातबाऱ्यावर वडिलांच्या जोडीला धाकट्या चुलत्यांचे, म्हणजे आमच्या तात्यांचे नाव आहे. तात्या चाळीस वर्षांवर अंबरनाथ पूर्वेला राहतात. गावातल्या चार शहाण्यांनी सल्ला दिला, "तात्यांकडनं हक्कसोड करून घे, म्हंजी पुढं पोरांपोरांत कटकट नको." हक्कसोडपत्राचा मसुदा पिशवीत घालून मी महालक्ष्मी एक्सप्रेसने कल्याणला उतरलो आणि तिथून बदलापूर लोकल धरली.

सभासद बंधूंनो, घरातला कागद चव्हाट्यावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या कार्यक्षेत्रात अशी घरे गावोगाव आहेत. एक भाऊ रानात राहिला, एक भाऊ मुंबईला गिरणीत गेला. रानातला भाऊ कारखान्याचा सभासद झाला आणि गिरणीतल्या भावाच्या मनिऑर्डरीने शेअरचे पैसे भरले. पुढे गिरणी गेली. मग त्या भावाने काय केले, हातातला धंदा सुटल्यावर दुसरा धंदा कसा धरला, याची चौकशी आपण रानातल्यांनी फारशी केली नाही. मीही केली नव्हती. दोन दिवस तात्यांकडे राहिलो तेव्हा ती हकिगत नीट कळली. ती आपल्या वार्तापत्रात यावी असे वाटले, म्हणून हा लेख.

सुपरचे गाव

मुंबईपासून साठेक किलोमीटरवर, कल्याणच्या पुढे कर्जतच्या वाटेवर अंबरनाथ आहे. पूर्वेला वालधुनी नदीच्या काठी शिवमंदिर आहे. त्यात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजांच्या काळातले हे काम. भिंतीवर रिकामी जागा म्हणून नाही, एवढे कोरीव काम पाथरवटांनी केले आहे. तात्यांनी मला पहिल्या दिवशी संध्याकाळी तिथेच नेले.

आपण ऊसवाल्यांचे मात्र या गावाशी वेगळेच नाते आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथला कारखाना घातला आणि तिथे गंधकाम्ल व सुपर फॉस्फेट होऊ लागले. खनिज फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की सुपर तयार होते. लागणीच्या वेळी सरीत आपण जे सुपर टाकतो, ज्यात १६ टक्के स्फुरद असते आणि वर गंधकही मिळते, ते करणाऱ्या जुन्या गावांपैकी हे एक. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, हिचा काडेपेट्यांचा कारखानाही इथलाच. ही कंपनी १९२३ सालची. आता इथे काडेपेट्या होत नाहीत, नाक्याला नाव तेवढे राहिले आहे. पुढे १९५३ च्या सुमारास संरक्षण खात्याचे कारखाने आले, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, बारवी धरणाचे पाणी कारखान्यांना मिळाले आणि या पट्ट्यात लहानमोठी वर्कशॉपे उभी राहिली. पूर्वेकडचा आनंदनगरचा औद्योगिक पट्टा त्यातलाच.

शेजारचे उल्हासनगर तर धंदा बदललेल्यांचेच गाव. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले, आणि १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळाले. दुकानदारी करणाऱ्या घरांनी तिथे हाताला मिळेल ते काम धरले. पापड लाटले, कपडे शिवले, फर्निचर केले. थोडक्यात, मागचे सुटले म्हणून पुढचे धरणाऱ्यांना हा मुलूख नवा नाही.

गिरणीत गेलेला हात

तात्या १९७४ साली, अठराव्या वर्षी मुंबईला गेले. सातवी झालेली. आमची सारी जमीन चार एकर, त्यातली दीड एकर माळ. परळच्या एका गिरणीत गावचेच एक जण साचेवाले होते, त्यांच्या ओळखीने तात्या बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळेला दारात जाऊन उभे राहायचे. कायम कामगार कोणी आला नसेल तर काम, नाहीतर परत खोलीवर. एका गाळ्यात गावची वीस-बावीस माणसे, पाळीपाळीने झोपणारी. जेवण खानावळीत. दोन वर्षांनी तात्यांना साचा मिळाला. साचा म्हणजे कापड विणायचा माग.

हे काम अडाणी माणसाचे आहे असे आपल्याला वाटते. तसे ते नाही. ताण्याचे हजारावर तार समोर ताणलेले, त्यातून धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे जातो. एखादा तार तुटला आणि लक्षात आले नाही तर कापडात फाका पडतो, ते कापड कमी दर्जात जाते आणि विणणाऱ्याचा पैसा कापला जातो. साचेखात्यात आवाज एवढा, की शेजारच्याशी बोलायचे तर खुणा आणि ओठांवरून. तरी त्या गोंगाटात आपल्या साच्याचा ठेका बिघडला की साचेवाल्याला कळते. तात्या म्हणाले, "आपल्या मोटरीचा आवाज तुला रानात झोपलेला असतानाबी कळतोय का न्हाई? तसंच हाय ते." तुटलेला तार शोधून विणकरी गाठ मारायची, ती एवढी बारीक आणि चपटी असली पाहिजे, की फणीतून अडखळता जाऊ नये. ही गाठ बिनचूक यायला त्यांना सहा महिने लागले.

त्या साच्यावरच्या पैशातून आमच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर बसली. वडिलांच्या नावचा कारखान्याचा पहिला शेअरही त्यातूनच झाला. हे मला वडिलांनी सांगितले होते. पण सांगणे आणि लक्षात ठेवणे यात फरक असतो.

अठरा जानेवारी

१९८१ च्या दिवाळीच्या आधी बोनसवरून गिरण्यांत असंतोष पेटला. कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले, आणि १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. साठेक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. पगारवाढ हवी होती, आणि १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला मान्यता मिळण्याची जी पद्धत होती, ती नको होती. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला. १९८३ च्या ऑक्टोबरात सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. काहींना परत कामावर घेतले, हजारोंना घेतले नाही.

मार्चमध्ये तात्या, काकी आणि वर्षाचा मुलगा गावी आले. मी तेव्हा सातवीत होतो. तात्या आल्याचा आनंद मला आठवतो, आणि रात्री वडिलांचे व आजीचे हळू आवाजातले बोलणेही आठवते. रान तेवढेच, खाणारी तोंडे तीन वाढली. तात्या भांगलणीला गेले, पाण्याच्या पाळ्या धरल्या, हंगामात कोयताही घेतला. आठ वर्षे साच्यावर काढलेल्या हाताला पहिल्या आठवड्यातच फोड आले. त्यांना गावातली पोरे हसली. वर्षभराने ते परत मुंबईला गेले. गिरणीच्या दारात यादी लागली होती, तिच्यात त्यांचे नाव नव्हते.

त्या वेळी गिरणगावातली माणसे मिळेल तिकडे गेली. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी रिक्षा धरली, कोणी इमारतीवर पहारेकरी झाला. काही साचेवाले भिवंडीला यंत्रमागावर गेले. काम तेच, पण बारा तासांची पाळी, आणि रजा, फंड यांचे नाव नाही. खानावळी चालवणाऱ्या बायकांचेही हाल झाले, कारण जेवणारेच बेकार. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे, सावकाराच्या हातून त्या सुटाव्यात म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. त्या बायका आधीपासून एकत्र होत्या, म्हणून त्यांच्यातल्या पुष्कळ जणी पुढे तग धरू शकल्या. पुरुषांना धंदा बदलायला हात देणारे असे काही नव्हते. ज्याने त्याने आपापले पाहिले.

सत्ताविसाव्या वर्षी हेल्पर

अंबरनाथला गावचा एक माणूस कामाला होता. त्याच्या शब्दावर एका लहान वर्कशॉपमध्ये तात्यांना हेल्पर म्हणून घेतले. वर्ष १९८३. शेडमध्ये चार लेथ, एक ड्रिल मशीन आणि ग्राइंडर. पंपांचे शाफ्ट, बुश, पुल्या, असले काम यायचे. तात्यांचे काम म्हणजे लोखंडाचा बुरा झाडायचा, सळया उचलून द्यायच्या, मशीन पुसायची, चहा आणायचा. पगार साच्यावरच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. ज्याच्या हाताखाली काम करायचे तो टर्नर एकोणीस वर्षांचा, नुकताच आयटीआय होऊन आलेला. तो यांना पहिले काही दिवस "ए गिरणीवाले" म्हणायचा.

"लाज वाटली का तात्या?" मी विचारले.

"वाटली की. बापय मानूस, बायकापोराचा धनी, आन् पोराला च्या आणून द्यायचा. पर मला एक कळत हुतं. मी गिरणीत गेलो तवाबी मला काय येत न्हवतं. एकदा शिकलोय, मंजी दुसऱ्यांदा शिकता येतंय."

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे झाडाखाली बसत, तेव्हा तात्या लेथजवळ उभे राहून टूल कसे धरले आहे, चक कसा आवळला आहे, हे बघत राहायचे. तिथे एक वयस्क टर्नर होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. चार महिन्यांनी त्यांनी विचारले, "नुसता बघतोस काय? धर." आणि एक भंगार सळईचा तुकडा हातात दिला.

काय बरोबर आले, काय टाकावे लागले

या गोष्टीवर तात्या फार वेळ बोलले आणि मला वाटते, लेखाचे सार इथेच आहे. माणूस धंदा बदलतो तेव्हा सगळे विसरून शून्यापासून सुरुवात करतो असे आपण समजतो. तसे होत नाही. जुन्या धंद्यातले बरेच काही हातात राहते. पण जे राहते त्यातले काही उपयोगी पडते, तर काही घात करते.

उपयोगी पडला तो कान. टूलची धार गेली की लेथचा आवाज बदलतो, कापणे खरखरते. तात्यांना ते पहिल्या महिन्यात कळायला लागले. आयटीआयवाल्या पोराला ते शिकायला वेळ लागला होता. दुसरा उपयोग ताणाचा. साच्यावर ताणा फार ओढला तर तुटतो, सैल सोडला तर कापड फसते. लेथवर टूल किती वेगाने पुढे सारायचे, याचा अंदाज त्याच जातीचा. तिसरी गोष्ट, आठ तास उभे राहून एकाच जागी डोळा ठेवायची सवय. आणि चौथी, पाळी बदलताना मशीन पुसून, तेल घालून पुढच्याच्या ताब्यात द्यायची शिस्त. वर्कशॉपच्या मालकाने त्यांना ठेवून घेतले ते या चौथ्या गोष्टीमुळे, असे तात्यांचे म्हणणे.

घात करणारी सवय बोटांची. साच्यावर चालू तारेला बोट लावून बघायची सवय असते. तसेच लेथवर फिरत्या लोखंडाला बोट लावले, आणि सुरीसारख्या धारेच्या सालीने बोट कापले. वर म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी हातमोजा घातला, तर उस्तादांनी तो ओढून काढला. लेथवर हातमोजा घालायचा नसतो. फिरत्या कामात तो अडकला तर हातच आत ओढला जातो. बाह्यासुद्धा वर दुमडलेल्या हव्यात. "आठ वर्सं जे बोट पुढं जात हुतं, ते मागं घ्यायला मला वरीस लागलं," तात्या म्हणाले. नवा धंदा शिकताना नवे शिकण्यापेक्षा जुने आवरणे जड जाते, हे मला माहीत नव्हते.

आणखी एक फरक. "साच्यावर तार तुटला तर गाठ मारता येती. हितं मापाखाली गेलं की गेलं. लोखंड परत चिकटत न्हाई." गिरणीत चुकीला थोडी दुरुस्ती होती, इथे शाफ्ट मापाखाली उतरला की थेट भंगारात. म्हणून वेगाच्या हाताला सबुरी शिकवावी लागली. आधी कॅलिपर, मग व्हर्नियर, मग मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारे मायक्रोमीटर. ड्रॉइंग वाचायला उस्तादांनी सिगरेटच्या पाकिटांच्या मागे आकृत्या काढून शिकवले.

बंधूंनो, आपण घराला चार सुती सळई घेतो, ती अर्ध्या इंचाची. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वर्कशॉपमध्येही हाच शब्द. तात्या हसून म्हणाले, "परळला सूत विणत हुतो, हितं सूत मोजाया लागलो." तिसऱ्या वर्षी ते स्वतंत्र लेथ चालवू लागले. आटे पाडायचे अवघड काम त्यांच्याकडे आले. त्या एकोणीस वर्षांच्या पोराने तोवर त्यांना "मामा" म्हणायला सुरुवात केली होती.

एकट्याच्याने झाले नाही

मी म्हणालो, "तात्या, तुमची जिद्द मोठी." त्यांनी मान हलवली. जिद्द तर भाजीची गाडी लावणाऱ्यालाही होती आणि भिवंडीला गेलेल्यालाही होती, असे त्यांचे म्हणणे. फरक पडला तो तीन वर्षे कमी पगारावर काढता आली म्हणून. शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी पोसावा लागतो.

तो कोणी पोसला? एक, काकींनी. उल्हासनगरच्या कपड्यांच्या धंद्यातले घरकाम त्या आणायच्या, दोरे कापणे, बटणे लावणे, नगावर पैसे. पुढे त्यांनी शिलाई मशीन घेतले. भांगलण करणारा त्यांचा हातही बदललाच की. पण त्याला कोणी धंदा बदलणे म्हणत नाही. दोन, उस्तादांनी. शिकवले नसते तर तात्या जन्मभर बुरा झाडत राहिले असते. आणि तीन, गावाने. आमचे वडील दरसाल सुगी झाली की ज्वारीची दोन पोती आणि गुळाची ढेप एसटीच्या टपावर टाकून पाठवत. तीन वर्षे त्यांनी ती चुकवली नाही. वडील याबद्दल कधी बोलले नाहीत. तात्यांनी पोत्यांचा हिशोब तोंडपाठ सांगितला.

मी पिशवीतल्या कागदाचा विषय त्या रात्री काढला नाही.

ज्यांचे जमले नाही

तात्यांची गोष्ट ऐकून सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. त्यांच्या गाळ्यातल्या वीस-बावीस जणांपैकी असा नवा कसबी धंदा धरणारे दोघे-तिघेच निघाले. बाकीचे पडेल ते काम करत राहिले. तात्यांची गिरणीतली आठ वर्षे कुठल्या हिशोबात धरली गेली नाहीत. साच्याच्या आवाजाने एका कानाने कमी ऐकू येते. वर्कशॉपमध्ये कामगार मोजके, त्यामुळे निवृत्तीला हातात आले ते थोडकेच. गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती २०१२ पासून निघाल्या, अलीकडे बदलापूरपुढच्या वांगणी व शेलू इथल्या घरांचीही चर्चा चालू आहे. पण मुंबईत राबलो तर घर मुंबईत द्या, असे पुष्कळ कामगारांचे म्हणणे आहे. तात्यांनी अर्ज भरला होता, नंबर लागलेला नाही.

त्यांच्या मुलाने आयटीआय केले आणि तो आता संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर काम करतो. बापाचा हाती चालणारा लेथही जुना झाला. म्हणजे धंदा एकदा बदलला की सुटलो, असेही नाही.

आता कोयत्याची पाळी

परतीच्या गाडीत माझ्या डोळ्यांपुढे आपला फड येत होता. तोडणी यंत्रे आपल्याकडे येऊ लागली आहेत. २०२३ पासून केंद्र व राज्याच्या योजनेतून त्यांना अनुदानही मिळू लागले. टोळी मिळत नाही, उचल बुडते, ऊस वाळतो, ही आपली तक्रार खरी आहे; यंत्र येणारच. पण बीडकडून येणारा कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. यंत्र आले की त्यातला नवरा कदाचित यंत्रावर हेल्पर होईल, ट्रॅक्टरवर बसेल. बायको कुठे जाईल? गिरण्यांतही असेच झाले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. सत्तरच्या दशकापर्यंत अगदी थोड्या उरल्या.

तोडणी मजुरांच्या घरचाच नव्हे, आपल्याही घरचा हा प्रश्न आहे. चार एकराचे दोन-दोन एकर झाले. आपली पोरे पुण्याला, चाकणला, अंबरनाथला ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून जातात आणि दहा वर्षांनीही हेल्परच राहतात, कारण शिकायचा काळ पोसणारे कोणी नसते आणि शिकवणारा उस्ताद भेटतोच असे नाही.

आपल्याकडे मात्र उस्ताद आहेत. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये बंद हंगामात रोलरचे काम करणारे टर्नर आहेत, वेल्डर आहेत, बॉयलरवरची माणसे आहेत. काचेच्या पट्टीवर दाणा बघून पॅन कधी उतरवायचा हे सांगणारे पॅनमन आहेत. गुऱ्हाळावरचा गुळव्या पाक पाण्यात टाकून त्याची गोळी चाचपतो. पॅनमनचीही पारख त्याच जातीची. जुने हात नव्या कामात आणायची रीत आपल्याला परकी नाही. तेव्हा काही गोष्टी सभासदांपुढे आणि संचालक मंडळापुढे नम्रपणे ठेवतो.

पहिली, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार विद्यावेतनावर घ्यायचे असतात. आपल्या वर्कशॉपमधल्या या जागा किती, कोणत्या धंद्यांच्या आणि कधी भरतात, हे दरसाल या वार्तापत्रात छापून यावे. सभासदांच्या आणि तोडणी मजुरांच्या मुलांना ते कळावे.

दुसरी, पोराला बाहेर पाठवायचेच असेल तर आधी आयटीआयचा एखादा धंदा हाती देऊन पाठवा. तात्यांना कागद नव्हता, त्यांची तीन वर्षे गेली. आणि ज्याच्या हातात कसब आहे पण कागद नाही, त्याने केंद्राच्या कौशल्य विकास योजनेखाली पूर्वीच्या अनुभवाची परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळते, त्याची चौकशी करावी.

तिसरी, तोडणी यंत्र येईल तिथे त्याच टोळीतली माणसे यंत्राच्या दुरुस्तीला आणि चालवायला शिकवून घ्यावीत, बायकांनाही. शिकण्याच्या काळात त्यांना पोटापुरते मिळेल अशी सोय असावी. साच्यावरच्या माणसाला अशी सोय कोणी केली नाही. त्याचे काय झाले ते वर सांगितले.

पिशवीतला कागद

निघायच्या सकाळी तात्यांनीच विचारले, "कागद आणलायस म्हणं. गावाकडनं फोन आला हुता. कुठं करू सही?" चष्मा लावून ते पेन घेऊन बसलेसुद्धा. काकी दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या तात्या. मसुद्यात चूक राहिलीय."

चूक मसुद्यातली नव्हती. मोटर त्यांची, शेअर त्यांच्या पैशाचा, आणि पोती वडिलांची. हा हिशोब दोन भावांनी चाळीस वर्षे न लिहिता सांभाळला, तो मी एका सहीने मिटवायला निघालो होतो. गावी आल्यावर तलाठ्याकडे फक्त वडिलांच्या जागी आम्हा मुलांची वारस नोंद दिली. तात्यांचे नाव होते तिथे आहे. अंबरनाथचा चुलत भाऊ उद्या वाटणी मागेल, असे गावातले शहाणे म्हणतात. मागेल तर त्याची आहे. सीएनसी मशीनही एक दिवस जुने होईल, तेव्हा तीन वर्षे शिकायला त्याच्याही मागे काही असले पाहिजे.

यंदा सुगी झाली की ज्वारीचे एक पोते अंबरनाथला पाठवायचे ठरवले आहे. तात्यांना गरज नाही, रेशनवर आणि दुकानात सगळे मिळते. तरी पाठवणार आहे.